साइटसाठी उन्हाळी सेफ्टी किट: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

फेब्रुवारी सरत आला की सेफ्टीचं सामान विकणारी दुकानं ठेकेदारांपुढे 'उन्हाळी किट' ठेवू लागतात. खोक्यात साधारण ठरलेलं सामान असतं: भिजवून घालायचं कूलिंग जॅकेट, गळ्याभोवतीचा थंड टॉवेल, भोकांचं हेल्मेट, कपाळासमोर धरायचा थर्मामीटर, वर ओआरएसची आठवण करून देणारं नाव असलेले टेट्रापॅक, फर्स्ट एडचा डबा आणि भिंतीवर चिकटवायचा तक्ता. तीसेक मजुरांची, चार ते सात मजल्यांची साइट डोळ्यांसमोर ठेवून या एकेका वस्तूची ही पारख आहे. निकाल आधीच सांगतो. निम्म्या वस्तू चांगल्या आहेत, पण उष्माघाताने माणूस आडवा पडल्यावर ज्या वस्तूने जीव वाचतो ती या खोक्यात नसते. ती आहे साधी ताडपत्री, आणि तिच्यासोबत बर्फ.

आधी जॅकेट, कारण किटच्या किमतीतला मोठा वाटा त्याचाच. नागपूर-अकोल्याकडे घरोघरी वुडवूलचा नाहीतर वाळ्याचा कूलर असतो आणि मुंबईत तो कोणी घेत नाही. भिजवून घालायचं जॅकेट म्हणजे अंगावरचा तोच कूलर. पाणी उडतं तेव्हा गारवा मिळतो, आणि हवा कोरडी असेल तरच पाणी उडतं. चंद्रपूरला ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओलं फडकं सावलीत साधारण २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. मुंबई, रत्नागिरी, पणजीकडे ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत ते २८च्या खाली जात नाही. एकीकडे २१ अंशांचा फरक, दुसरीकडे जेमतेम साडेपाचाचा. अंगाच्या उबेने आणि वरच्या उन्हाने जॅकेट प्रत्यक्षात इतकं उतरत नाही, पण कुठे काय मिळेल याचा अंदाज यावरून येतो. म्हणून विदर्भ, खानदेश, मराठवाडा असेल तर जरूर घ्या. किनारपट्टीवर घेऊ नका. तिथे ते ओलं ओझं होतं आणि अंगाचा घाम उडू देत नाही. त्यापेक्षा सैल, फिक्या रंगाचा, लांब बाह्यांचा सुती शर्ट कितीतरी बरा.

वापरताना चुका होतात त्या अशा. जॅकेटवरून शर्ट चढवला की हवा लागत नाही आणि सगळा खर्च वाया. बोअरच्या जड पाण्यात भिजवत राहिलं की आठवड्याभरात कापडावर पांढरा क्षार धरतो आणि ते पाणी शोषेनासं होतं. दर दोन-तीन दिवसांनी साध्या पाण्यात चोळून धुतलं तर टिकतं. एक जॅकेट दोन पाळ्यांत दोघांना दिलं की गजकर्ण पसरतं, म्हणून प्रत्येकाच्या जॅकेटवर मार्करने नाव हवं. आणि सर्वांत गंभीर धोका विजेचा आहे. ओल्या कपड्यातला माणूस, हातात स्लॅबचं काँक्रीट हलवून बसवायचा नीडल व्हायब्रेटर, आणि त्याच्या वायरला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. साइटच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर वेल्डिंग, ग्राइंडर आणि व्हायब्रेटरवरच्या माणसांना ओलं जॅकेट अजिबात देऊ नये.

जॅकेटचा दुसरा प्रकार बर्फाच्या किंवा गोठणाऱ्या मेणासारख्या पदार्थाच्या पाकिटांचा. हा दमट हवेतही चालतो, पण त्याचा हिशेब करून बघा. दीड किलो मेणासारखा पदार्थ वितळताना साधारण ३०० किलोज्यूल उष्णता शोषतो. दोन तासांवर वाटली तर ती ४० वॉटच्या आसपास भरते. घमेली वाहणाऱ्या माणसाचं शरीर त्याच वेळी ४०० वॉटच्या घरात उष्णता तयार करत असतं. म्हणजे दिलासा मिळतो, रक्षण होत नाही. पाकिटं पुन्हा गोठवायला साइटवर फ्रीज लागतो. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये किंवा गेटवर बसून काम करणाऱ्याला हे जॅकेट ठीक, बिगाऱ्याला नाही.

तिसरं, पंख्याचं जॅकेट. जपानच्या साइटवर ते आता सर्रास दिसतं. कमरेजवळचे दोन पंखे बाहेरची हवा आत ओढतात आणि ती घाम उडवत मानेकडून बाहेर पडते. दमट हवेत या तिघांपैकी हेच खऱ्या अर्थाने काम करतं, म्हणून मुंबई-गोव्याकडे एखादं घ्यायचंच असेल तर हे. विदर्भात हवाच ४४ अंशांची असते, तिथे आतला बनियन सतत ओला ठेवला नाही तर पंखा भट्टीची हवा अंगावर मारतो. कटिंग आणि वेल्डिंगजवळ हे जॅकेट नको, ठिणगी आत ओढली जाते. उंचीवरच्या कामाला घेताना पाठीवर लॅनयार्ड (हार्नेसची, म्हणजे अंगाला बांधायच्या सुरक्षा-पट्ट्यांची दोरी) बाहेर काढायला शिवलेलं भोक आहे का ते आधी बघा. साध्या जॅकेटवरून हार्नेस आवळला की कापड अंगाला चिकटतं आणि हवा फिरत नाही. मग माणूस हार्नेस सैल करतो, आणि सैल हार्नेस पडल्यावर धरत नाही.

हेल्मेटसाठी आयएस २९२५ हा शिक्का आणि त्याखाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तो क्रमांक टाकला की खरा-खोटा लगेच कळतो. भोकांच्या हेल्मेटने डोक्याला वारा लागतो हे खरं, पण उघड्या तारांजवळ काम करणाऱ्याला ते देऊ नये. रंग पांढराच घ्या. खरेदीत हमखास दुर्लक्ष होतं ते दोन गोष्टींकडे. एक, हेल्मेटच्या आत उठावात असलेली उत्पादनाची तारीख. वर्षानुवर्षं उन्हात तळलेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. दोन्ही बाजूंनी दाबल्यावर करकरलं किंवा बारीक भेगा दिसल्या तर ते टाकून द्यायचं. दुसरं, आतल्या पट्ट्या. डोकं आणि कवच यांच्यामधली बोटभर पोकळी हीच हेल्मेटची खरी ताकद आहे. उन्हाळ्यात गमछाची जाड घडी हेल्मेटखाली घालतात आणि ती पोकळी भरून जाते. वरून वीट पडली की धक्का थेट कवटीला. गमछा पातळ, एकेरी, ओला करून बांधला तर चालतो. त्याहून चांगली सोय म्हणजे हेल्मेटच्या मागच्या कडेला अडकवायची मानेवरची झालर. किटमधली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची वस्तू आहे. प्रत्येकी दोन घ्या.

गळ्याचा टॉवेल बरा वाटतो, तेवढाच. मान गार झाली की माणसाला आपण ठीक आहोत असं वाटतं, आतलं तापमान मात्र चढतच राहतं. विश्रांतीच्या वेळी वापरायला हरकत नाही.

कपाळासमोर धरायचा थर्मामीटर परत करा. उन्हात तापलेली किंवा घामाने गार झालेली कातडी मोजून आतलं तापमान कळत नाही. काखेतलाही आकडा कमी दाखवतो. उष्माघातात आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असताना हे उपकरण ३८ दाखवतं, आणि मुकादम 'ताप आहे थोडा, झोपव त्याला शेडमध्ये' म्हणून कामाला लागतो. खरं मोजमाप गुदद्वारातून होतं, ते साइटवर कोणी करणार नाही. मग आकड्याऐवजी माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का ते तपासायचं. नाव काय, गाव कुठलं, आज वार कुठला, समोर कोण उभा आहे. उत्तर चुकलं, जीभ जड झाली, चिडचिड किंवा मारामारीवर आला, झोकांड्या जाऊ लागल्या, तर तो उष्माघात समजूनच पुढचं करायचं. अशा वेळी झटके आले की फीट समजून नाकाला कांदा किंवा चप्पल लावतात, त्यात मोलाची मिनिटं जातात.

तक्त्याबद्दलही इथेच सांगायला हवं. अनेक तक्त्यांवर 'घाम थांबणं, कातडी कोरडी पडणं' हे उष्माघाताचं पहिलं लक्षण म्हणून छापलेलं असतं. घरात उन्हाळा सोसणाऱ्या वृद्धांत असं दिसतं. अंगमेहनत करणारा माणूस मात्र घामाने निथळत असतानाच कोसळतो. घाम येतोय म्हणजे धोका नाही, असं वाचून कोणी निर्धास्त झाला तर तो तक्ता जिवावर उठेल. त्या ओळीवर कागद चिकटवा आणि हाताने लिहा: 'बरळतोय? आधी गार करा, मग गाडी.'

आता ताडपत्री. उष्माघातात मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांचं नुकसान तापमान किती चढलं यापेक्षा ते किती वेळ चढून राहिलं यावर अवलंबून असतं. अर्ध्या तासाच्या आत ३९च्या खाली आणलं तर बहुतेक जण वाचतात. १०८ची गाडी शहराबाहेरच्या साइटवर येईपर्यंतच तेवढा वेळ निघून जातो. म्हणून गारवा साइटवरच द्यायचा. बर्फाच्या पाण्याचा टब सर्वोत्तम, पण टब ठेवायला जागा नसते. ताडपत्री असतेच. साधारण ८ बाय १० फुटांची, जाड, शिवण न उसवलेली, भोक नसलेली वेगळी काढून ठेवा. पातळ निळी नको, माणसाच्या वजनाने फाटते.

१०८ला फोन लागत असतानाच हे सुरू व्हायला हवं. बूट, हेल्मेट, हार्नेस, शर्ट काढायचे. माणसाला ताडपत्रीच्या मध्यावर पाठीवर ठेवायचं. चौघांनी चार बाजू मांडीपर्यंत उचलून खोलगट भाग करायचा, पाचव्याने डोक्याशी बसून डोकं आणि हनुवटी पाण्याच्या वर धरायची. त्याने दुसरं काहीही करायचं नाही. मग ८० ते १०० लिटर पाणी आणि २०-२५ किलो फोडलेला बर्फ ओतायचा, छाती-पोट-मांड्या बुडतील असा. त्यानंतर झोळी हलवतात तशी ताडपत्री आलटून-पालटून एकेका बाजूने उचलत पाणी अंगावरून फिरवत राहायचं. हे फिरवणं सोडायचं नाही. स्थिर पाण्यात अंगालगत कोमट थर तयार होतो आणि गारवा थांबतो. अशा रीतीने दर मिनिटाला साधारण ०.१५ अंश तापमान उतरतं, म्हणजे ४१.५वरून ३९वर यायला १७ मिनिटं. तापमान मोजायची सोय नसेल तर १० ते १५ मिनिटं करायचं, किंवा तो शुद्धीवर येऊन नीट बोलेपर्यंत. उलटी झाली तर लगेच कुशीवर वळवायचं. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी, सरबत, ग्लुकोज काहीही घालायचं नाही, ते फुप्फुसात जातं. फर्स्ट एडच्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळीही नको. हा ताप जंतूंमुळे आलेला नाही, त्या गोळीने उतरत नाही, उलट ताण बसलेल्या यकृतावर भार पडतो.

बर्फ संपला असेल तर क्युरिंगचा (काँक्रीटवर पाणी मारायचा) पाइप. पण उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणी अंग भाजेल इतकं तापलेलं असतं. हाताला गार लागेपर्यंत ते जमिनीवर सोडायचं, मगच माणसाकडे न्यायचं. वरून सतत पाणी आणि बाजूने पंखा, निदान पुठ्ठ्याने वारा. काखा-जांघांत बर्फाच्या चार पिशव्या ठेवणं हा फार तोकडा उपाय आहे, फक्त त्यावर विसंबू नये.

बर्फासाठी ५०-६० लिटरची जाड भिंतीची पेटी घ्या. थर्मोकोलच्या पातळ खोक्यातली लादी दुपारी तीनपर्यंत अर्धीमुर्धी होते, आणि धोक्याची वेळ तीच. लादी सकाळी नाही, अकराच्या सुमारास मागवावी, बारदानात गुंडाळून पेटीत ठेवावी आणि शेजारी एक हातोडी. बर्फाच्या कारखान्यातून येणारा निळसर बर्फ खाण्याचा नसतो. तो पिण्याच्या पाण्यात टाकू नये, नाहीतर उन्हापेक्षा जुलाबानेच माणसं आजारी पडतील.

पाण्याचा हिशेब अनेक साइटवर निम्म्याने चुकतो. दर २० मिनिटांनी २५० मिलिलिटर, म्हणजे ताशी पाऊण लिटर. तीस माणसं, आठ तास: १८० लिटर, म्हणजे २० लिटरचे नऊ जार, फक्त पिण्यासाठी. जार गेटवर ठेवून उपयोग नाही, सातव्या मजल्यावरचा सेंट्रिंगवाला त्यासाठी खाली येत नाही. ज्या स्लॅबवर काम चालू आहे तिथे, सावलीत, नळ असलेलं भांडं हवं. ताशी दीड लिटरच्या वर मात्र कोणी ढोसू नये, रक्तातलं मीठ पातळ होऊन तेही जिवावर बेततं. बायामाणसं पाणी कमी पितात याचं कारण साइटवर त्यांच्यासाठी संडास नसतो किंवा त्याला कडी नसते. कडी लावली की पाणी पिणं वाढतं, हा खर्चही उन्हाळी किटमध्येच धरा.

टेट्रापॅकमधली पेयं साखरेची आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला बंदी केली, तरी जुना साठा आणि मिळतीजुळती नावं नजरेला पडू शकतात. औषधाच्या दुकानातलं पाकीट घ्या, ज्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं असतं: लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, सोडियम सायट्रेट २.९. मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच विरघळवायचं. पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतून हलवून पितात, ते दुप्पट खारट होतं, मळमळतं, आणि मग 'ओआरएस सोसत नाही' म्हणून सोडून देतात. केलेलं पाणी २४ तासांनंतर फेकायचं. दिवसभर सगळ्यांनाच ओआरएस पाजायची गरज नाही. भाकरी, चटणी, वरण नीट जेवणाऱ्याला साधं पाणी आणि मीठ घातलेलं ताजं ताक पुरतं. पायात-पोटात गोळे आले, भोवळ आली, उलट्या झाल्या तर ओआरएस. चहा-बिडीवर दुपार काढणारा आणि खर्रा तोंडात ठेवून भूक-तहान मारणारा माणूस मुकादमाने आधी हेरायला हवा.

उष्णता आणि अपघात यांना दोन वेगळ्या रजिस्टरांत लिहिलं जातं, साइटवर मात्र ते एकच आहेत. घामाने हातोडी निसटते, चष्म्यावर वाफ धरते म्हणून ग्राइंडरवाला तो कपाळावर सरकवतो, आणि सळ्या हाताला चटके देतात म्हणून बार बेंडर घाई करतो. परांचीवर आलेली घेरी ही उष्माघाताची नसून साध्या थकव्याची असली, तरी खाली नऊ मीटर असतात. म्हणून किटच्या पैशांतून आयएस ३५२१चा, दुहेरी लॅनयार्डचा फुल बॉडी हार्नेस आधी घ्या. कमरेचा पट्टा घेऊ नका. एनर्जी अ‍ॅब्सॉर्बर (उसवत जाऊन झटका कमी करणारी शिवलेली पट्टी) असलेल्या १.८ मीटरच्या लॅनयार्डला खाली सहाएक मीटर मोकळी जागा लागते: दोरी, अ‍ॅब्सॉर्बरची उसवलेली लांबी, माणसाची उंची आणि थोडं अंतर. पहिल्या मजल्यावर पायाशी हुक लावला तर दोरी ताणली जाण्याआधी माणूस जमिनीवर असतो. हुक नेहमी डोक्याच्या वर. आणि लटकलेल्याला काही मिनिटांत उतरवण्याची शिडी किंवा सोय खाली तयार हवी, कारण मांड्यांतल्या पट्ट्यांनी रक्त पायांत अडकतं आणि उन्हात आधीच पाणी कमी झालेला माणूस लवकर बेशुद्ध होतो.

डब्ल्यूबीजीटी मीटर, म्हणजे ऊन, दमटपणा आणि हवेची उष्णता एकत्र मोजणारं, काळा गोळा असलेलं हातातलं यंत्र, मोठ्या साइटला घ्यावंच. हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या पेटीतला असतो, तुमचा स्लॅब उन्हात असतो. मीटरचं सूत्र सोपं: ओल्या बल्बचे (उन्हातल्या, ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचे) ७० टक्के, काळ्या गोळ्याचे २० टक्के, हवेचे १० टक्के. उदाहरणादाखल चंद्रपूरचे २५, ६० आणि ४४ घातले तर ३३.९ येतात. मुंबईचे २९, ५० आणि ३४ घातले तर ३३.७. चौतीस अंशांची मुंबई आणि चव्वेचाळीसचं चंद्रपूर शरीराला जवळजवळ सारखंच जड पडतं, आणि 'आमच्याकडे कुठे चाळीस होतात' म्हणणाऱ्या किनाऱ्यावरच्या ठेकेदाराला हा आकडा दाखवण्यासाठी तरी ते यंत्र उपयोगी आहे. सवय झालेल्या माणसाने सलग मध्यम काम करायची मर्यादा २८ आहे, जड कामाची २६. जपानने १ जून २०२५पासून डब्ल्यूबीजीटी २८ किंवा तापमान ३१ अंश झालं की मालकावर उपाययोजना बंधनकारक केली आहे. स्वस्त मीटरचा गोळा छोटा असतो, उन्हात ठेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबूनच वाचा.

यातली एकही वस्तू पहिल्या आठवड्याची जागा घेऊ शकत नाही. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या मते उघड्यावरच्या उष्णतेच्या मृत्यूंपैकी ५० ते ७० टक्के मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांत होतात, कारण शरीराला घाम लवकर आणि कमी खारट सोडायला शिकायला वेळ लागतो. आपल्याकडे होळीला गावी गेलेली टोळी परतते ती नेमकी ऊन चढताना, आणि मुकादम रखडलेलं काम भरून काढायला त्यांना पहिल्याच दिवशी स्लॅबवर चढवतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम २० टक्के, मग रोज २० टक्क्यांनी वाढ. जुन्या पण सुट्टीवरून आलेल्याला ५०, ६०, ८०, १००. मजुरी मात्र पूर्ण दिवसाची द्यायची, नाहीतर तो लपूनछपून काम करेल. स्लॅब पहाटे चारला सुरू करून दहाच्या आत संपवला तर काँक्रीटलाही बरं, दुपारी ओतलेल्या स्लॅबचं पाणी उडून पृष्ठभागावर भेगा पडतात.

किट आणल्यावर ताडपत्री, मग्गे आणि बर्फाची पेटी स्टोअरमध्ये कुलूपबंद ठेवू नका, दुपारी किल्लीवाला जेवायला गेलेला असतो. गेटजवळच्या शेडमध्ये, पाण्याच्या टाकीशेजारी खुंटीला लटकवा, दोरीचं टोक ओढलं की सुटेल अशी गाठ मारून. वॉचमनपासून लिफ्टवाल्यापर्यंत पाच जणांना मार्चच्या पहिल्या आठवड्यात एकदा तंदुरुस्त माणसाला आत झोपवून, साध्या पाण्यावर, घड्याळ लावून करून बघायला सांगा. हाक मारल्यापासून पाणी अंगावर पडेपर्यंत पाच मिनिटांच्या वर लागली, तर खुंटीची जागा बदला.